शेजारची शाळा की विशेष शाळा?

दिव्यांग मुलाची अंगणवाडी संपत आली की घरात हा प्रश्न उभा राहतो, आणि मत द्यायला सगळी भावकी हजर असते. कायद्याने मात्र निवड पालकांवर सोडली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 31 सांगतं की 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला शेजारच्या किंवा विशेष शाळेत, पसंतीप्रमाणे, मोफत शिकता येतं.

शेजारच्या शाळेत गल्लीतलीच पोरं असतात. बोलणं, भांडणं, रांगेत थांबणं मूल त्यांच्याकडूनच उचलतं. डाउन सिंड्रोम असलेल्या किंवा कुबड्या-व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलासाठी मी आधी हाच पर्याय बघेन. अडचण अशी की समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतल्या एकेका विशेष शिक्षकाकडे बऱ्याच शाळा असतात. म्हणून मुख्याध्यापकांना थेट विचारा: विशेष शिक्षक कोणत्या वारी येतात, आणि त्या दिवशी वर्गात बसतात की नुसत्या सह्या करून जातात? दुसरा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो, पण तोच निर्णायक: शू-शीला कोण नेणार? शाळेत मदतनीस मावशी नसतील तर आई दिवसभर व्हरांड्यात बसून राहते, तिचं काम सुटतं आणि दिवाळीनंतर मूल घरी.

विशेष शाळेत प्रशिक्षित शिक्षक, लहान वर्ग, बऱ्याच ठिकाणी थेरपीसुद्धा. पण ती तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी, म्हणजे रोजची एसटी किंवा वसतिगृह. सहा वर्षांच्या लेकराला वसतिगृहात ठेवणं मला पटत नाही. अपवाद कर्णबधिर मुलाचा. पाचव्या वर्षापर्यंत ना बोली ना खुणांची भाषा हाती आली असेल, तर साध्या वर्गात ते मूल फळ्याकडे बघत बसतं. त्याला आधी भाषा हवी, आणि ती देणारी शाळा लांब असली तरी जवळची मानावी. नंतर साध्या शाळेत आणता येतं.

घरी शिकण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) 2012 च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविकलांग मुलांना आहे. पण ‘याला घरीच शिकवा ना’ हे शाळेने सुचवलं तर सावध व्हा.

खासगी शाळा मनात असेल तर आरटीईच्या 25 टक्के राखीव जागांत दिव्यांग मुलं वंचित गटात येतात. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, यांचं काम मात्र आत्ताच सुरू करा.

‘आमच्याकडे सोय नाही’ असं तोंडी ऐकून परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या, नकारही लेखी मागा. सरकारी, अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे भेदभाव न करता प्रवेश द्यावाच लागतो. दाद पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे मागता येते. अर्जात नुसतं ‘सहकार्य करावे’ लिहू नका. तळमजल्यावरचा वर्ग, रॅम्प, पाय टेकतील अशी खुर्ची, मदतनीस, असं एकेक नावानिशी मागा. शक्य तर तालुक्यातल्या आणखी दोन-तीन पालकांच्या सह्या घेऊन.