चक बेरीची २८ गाणी: काही महिने ऐकल्यानंतर

‘द ग्रेट ट्वेन्टी-एट’ हा अमेरिकन रॉक अँड रोल गायक-गिटारवादक चक बेरीचा दोन एलपींचा (मोठ्या रेकॉर्डींचा) संच पावसाळ्याच्या तोंडावर घेतला. दिवाळी होऊन गेली तरी तो अजून टर्नटेबलपाशीच आहे, कपाटात गेलेला नाही.

‘बेस्ट ऑफ’ म्हटलं की जाणकार मंडळी नाक मुरडतात: कंपनीने जुना माल परत विकायला काढला म्हणून. सत्तरच्या दशकातल्या बँडांबाबत असेलही तसं. पण १९५५ सालच्या रॉक अँड रोलला हा न्याय लावण्यात अर्थ नाही. तेव्हा गाणं यायचं सिंगलवर, म्हणजे छोट्या रेकॉर्डवर, पुढे एक, मागे एक. रेडिओवर किंवा ज्यूकबॉक्समध्ये चाललं तर चाललं. एलपी मागाहून निघायची, त्यातही बऱ्याचदा हीच सिंगल्स आणि वर थोडी भरताड. तेव्हा या संगीताचा ‘खरा अल्बम’ शोधायला जाऊ नका. नीट निवडलेला संग्रह हाच त्याचा अल्बम.

हा संच चेस या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंग्जचा, १९८२ मध्ये निघालेला. १९५५ ते १९६५ मधली गाणी, साधारण काळाच्या क्रमाने, एका बाजूला सात. सगळ्यात जास्त वाजते ती दुसरी बाजू. १९५७-५८ मधली ही सात गाणी म्हणजे माणूस ऐन भरात आहे. (त्याच १९५७ साली आपल्या सी. रामचंद्रांनी ‘आशा’मध्ये ‘ईना मीना डीका’ दिलं, हे आठवून मजा वाटते.) ‘जॉनी बी. गूड’ची सुरुवात कुणी ऐकली नाही? दोन तारा एकदम छेडत येणारी ती गिटार आधीच्या पिढीतला गायक लुई जॉर्डन, त्याच्या बँडमधल्या गिटारवाल्या कार्ल होगनकडून उचललेली आहे, आणि बेरीने ते कधी लपवलं नाही. पण हेडफोन लावून ऐकाल तर गिटारच्या मागे पियानो अक्षरशः धावत असतो. जॉनी हे नाव बेरीच्या नेहमीच्या पियानोवाल्यावरून, जॉनी जॉन्सनवरून सुचलेलं. या रेकॉर्डिंगला मात्र लाफायेट लीक वाजवतोय असं नोंदींत आहे. गाण्यातला पोरगा आधी ‘काळा’ होता. रेडिओवाले लावणार नाहीत म्हणून बेरीने त्याला ‘खेड्यातला’ केलं.

महिने गेले तसा मी गिटारपेक्षा शब्दांकडे जास्त वळलो. ‘मेम्फिस’ घ्या. एक माणूस ट्रंककॉलच्या ऑपरेटरला गळ घालतोय, मेम्फिसमधल्या मेरीशी जोडून दे म्हणून. आपण समजतो प्रेयसी असणार. शेवटच्या कडव्यात कळतं की मेरी सहा वर्षांची आहे, आईबाप वेगळे झालेत आणि हा बाप आहे. सगळं दोन-सव्वादोन मिनिटांत, आवाज जराही न चढवता. हे एकदा कळल्यावर गाणं परत पहिल्यापासून लावावंच लागतं.

आता तक्रारी. सलग चारही बाजू ऐकू नयेत, तोच तोपणा जाणवतो. ‘स्कूल डेज’ची चाल सात वर्षांनी ‘नो पर्टिक्युलर प्लेस टू गो’मध्ये जवळपास जशीच्या तशी येते, एक दुसऱ्या बाजूला, एक चौथ्या, त्यामुळे चोरी लगेच पकडली जाते. स्वतःच्याच घरातली चोरी म्हणा! आवाज मोनो आहे, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा नाही. मोठे स्पीकर घेऊन बेसची धमक शोधणाऱ्यांची निराशा होईल. मला उलट सगळे वादक एका खोलीत दाटीवाटीने बसल्यासारखे वाटतात ते आवडतं. माझ्या पार्सलचा कोपरा मात्र चेपून आला. विकणाऱ्याने बदलून देतो असं सांगून अजून दिलेला नाही.

सगळ्यात खटकतं ते ‘यू नेव्हर कॅन टेल’ आणि ‘प्रॉमिस्ड लँड’ नसणं. दोन्ही १९६४ ची, दोन्ही चेसचीच. दुसऱ्यात व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून कॅलिफोर्नियापर्यंतचा प्रवास आहे आणि तो बेरीने तुरुंगात बसून, तिथल्या लायब्ररीतला नकाशा बघून लिहिला. अशी गाणी सोडून चौथ्या बाजूचा शेवट ‘आय वॉन्ट टू बी युअर ड्रायव्हर’ने का करावा, हे निवडणाऱ्यालाच ठाऊक. १९७२ चं ‘माय डिंग-अ-लिंग’ नाही, याचं दुःख नाही, अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलेलं त्याचं ते एकमेव गाणं असूनसुद्धा.

रेकॉर्डचा खर्च नको असेल तर स्ट्रीमिंगवर ऐका, फक्त एक बघून घ्या. १९६६ मध्ये बेरी मर्क्युरी कंपनीकडे गेला आणि तिथे आपलीच जुनी गाणी त्याने पुन्हा रेकॉर्ड केली. नावं तीच, गायक तोच, पण जान नाही. स्वस्त संग्रहांत आणि कुणीतरी बनवलेल्या प्लेलिस्टांत ही बऱ्याचदा घुसलेली असतात. अल्बमच्या तपशिलात चेसचं नाव दिसलं तरच पुढे जा.