स्वयंपाकघरातला वजनकाटा: तीन महिन्यांच्या वापरानंतर

मी कराडला एका पतसंस्थेत रोखपाल आहे. दिवसभर पैसे मोजते. संध्याकाळी दहा रुपयांचा फरक लागला तरी तो सापडेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. तीच मी घरी येऊन वीस वर्षं कढईत अंदाजाने तेल सोडत होते, आणि वजन का वाढतंय म्हणून देवाला विचारत होते.

ज्या वस्तूबद्दल लिहितेय ती अगदी साधी आहे. पाच किलोपर्यंत वजन करणारा, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा, दोन बारीक सेलवर चालणारा किचनचा काटा. ऑनलाइन ३८९ रुपयांना घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले बरेचसे काटे सारखेच दिसतात, आणि मला सांगायचंय ते कंपनीबद्दल नाहीच.

घ्यायची वेळ का आली ते आधी सांगते. ऑगस्टमध्ये तपासण्या केल्या. वजन ७८.४ किलो, उंची १५५ सेंटिमीटर, कंबर ९८ सेंटिमीटर, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१. डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवून समजावलं, की ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन-उंचीचा बीएमआय माझा ३२ च्या पुढे. आपल्या लोकांसाठी २३ पासूनच वजन जास्त धरतात, २५ पासून लठ्ठपणा, आणि बाईची कंबर ८० च्या आत हवी. माझ्या वडिलांच्या पायाचं बोट साखरेपायी काढावं लागलं होतं. ड्रेसिंग करायला मी त्यांच्याबरोबर जायचे. त्या दवाखान्याचा वास मला त्या खोलीत बसल्या बसल्या आला.

याआधी मी प्रयत्न केलेच नव्हते असं नाही. चार वर्षांपूर्वी एका वजन कमी करून देणाऱ्या सेंटरमध्ये नाव घातलं होतं. सकाळ-संध्याकाळ पावडरचा शेक, दुपारी एकदाच जेवण. दोन महिन्यांत सात किलो उतरले, लोक कौतुक करायला लागले. केस मात्र फणीत पुंजक्यांनी यायला लागले आणि संध्याकाळी मुलावर विनाकारण ओरडायला लागले. पावडर बंद केली आणि वर्षाच्या आत नऊ किलो परत आले. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण ‘आपल्याच्यानं हे होत नाही’ ही गोष्ट मनात घट्ट बसली. ती निघायला चार वर्षं लागली.

काट्याकडे वळते. पहिला आला तो खराब निघाला. तीच वाटी तीनदा ठेवली तर तीन आकडे. परत केला, आठवड्यात दुसरा आला. हा तरी बरोबर आहे का, म्हणून पिशवीत घालून ओळखीच्या सराफांकडे घेऊन गेले. त्यांच्या वजनांवर सरकारी शिक्का असतो, दुकानदारांना वैधमापनवाल्यांकडून तपासून घ्यावी लागतात. घरगुती काट्याला तसलं काही नसतं. त्यांनी काही न विचारता आपली वजनं एकेक करून त्यावर ठेवली. ५० ला ५०, १०० ला १००, ५०० ला ४९९. “वहिनी, स्वयंपाकाला झकास आहे,” म्हणाले. तुम्हीही घेतलात तर पहिल्याच दिवशी असं पडताळून बघा. काटाच खोटा असला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पहिली भाजी मोजली ती भरल्या वांग्यांची. आमच्याकडे कृष्णाकाठची वांगी, त्यामुळे आठवड्यातून दोनदा होतातच. तेल मोजायची युक्ती मला दोन दिवसांनी सापडली. कढई काट्यावर ठेवायची नाही. तेलाची बाटली ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं, बाटली उचलून नेहमीसारखं तेल सोडायचं आणि बाटली परत ठेवायची. जेवढं गेलं तेवढा उणे आकडा समोर येतो. माझा आला उणे ८२. मी दोन पळ्या म्हणत होते, त्या या. ८२ ग्रॅम म्हणजे चौघांच्या एका भाजीत साडेसातशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या, कारण तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी पडतात. दाण्याचं कूट वेगळं, आमटीची फोडणी वेगळी, पोळीला लावलेलं वेगळं.

त्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. आमच्या घरी महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा लागायचा. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. चार माणसं, तीस दिवस. माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांमध्ये २००० कॅलरीच्या दिवसाच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. आमच्या ३८ मध्ये तूप नव्हतंच. इतकी वर्षं ‘मी तर काहीच खात नाही’ म्हणत होते, ते मनापासून म्हणत होते. खोटं बोलत नव्हते. मला दिसतच नव्हतं.

आता वांग्यांना ३५ ग्रॅम तेल घालते. कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी घालते आणि वाफेवर शिजवते, अधूनमधून तेच गरम पाणी भाजीत ओतते. तवंग येत नाही. पहिले आठ दिवस मुलगा कुरकुरला, मग बंद झाला. कांदा-लसूण मसाला चांगला असला की भाजी पडून राहत नाही. तेलाचा डबा आता सहा आठवडे जातो, दिवाळीचं तळण सोडून. हिशेब केला तर माणशी बरोबर २७ ग्रॅमच्या आसपास येतं. तो आकडा आला तेव्हा मला रडू आलं.

भाकरीचं प्रकरण अवघड गेलं. तेल मोजलेलं आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चाललं. पण पीठ मोजायला घेतलं तेव्हा त्या परातीशेजारी येऊन उभ्या राहिल्या. “अगं, सोनं जोखतीस का भाकरी? अन्न जोखू न्हाई, बरकत जाती.” मी काही बोलले नाही. त्यांनी दुष्काळ बघितलाय. त्यांच्या लहानपणी घरात मोजून वाढायची वेळ आली होती, आणि ती वेळ परत येऊ नये असं त्यांना वाटत असणार, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. नंतर तीन आठवडे त्या मला विचारल्याशिवाय ताटात अर्धी भाकरी जास्त टाकत राहिल्या. मी ती खायचे. उठून त्यांच्यासमोर परत डब्यात ठेवणं मला जमलं नाही.

मग मी मार्ग काढला. एका भाकरीला ९५ ग्रॅम पीठ लागत होतं, ते ६५ वर आणायचं ठरवलं. ६५ ग्रॅम पीठ एका स्टीलच्या वाटीत घेतलं आणि ते जिथवर आलं तिथे आतून खिळ्याने बारीक ओरखडा काढला. त्या दिवसापासून भाकरीला काटा लागला नाही. वाटी भरली की पीठ परातीत. काटा एकदा मोजायला वापरायचा आणि पुढे वाटीने, चमचाने भागवायचं, हे मला या तीन महिन्यांत सगळ्यात कामाचं वाटलं. रोज प्रत्येक गोष्ट मोजणारा माणूस महिनाभरात कंटाळतो. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचं तेच झालं.

उपवासाचंही सांगायलाच हवं. माझे सोमवार असतात, नवरात्र असतं. सोमवारी एकदाच खिचडी खाल्ली की दिवस हलका गेला असं वाटायचं. मोजली. माझ्या वाट्याला ८० ग्रॅम साबुदाणा, ४० ग्रॅम कूट, तीन चमचे तूप आणि अर्धा बटाटा. ढोबळ हिशेबाने साडेसहाशेच्या वर कॅलरी, तेही चार तासांत परत भूक लागेल अशा. यंदा नवरात्रात वरीचा भात थोडा, दाण्याची आमटी पातळ, ताक आणि एक फळ असं केलं. श्रद्धेत काही कमी पडलं नाही.

काट्याच्या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. दोन मिनिटं हात लागला नाही की तो बंद पडतो, आणि परत सुरू केला की आधीचं शून्य विसरतो. कणीक मळताना मध्येच पाणी आणायला गेलात तर पहिल्यापासून सुरुवात. मोठी परात ठेवली की आकडे तिच्याखाली झाकले जातात. मी परातीखाली एक पालथी वाटी ठेवते, ती धरून शून्य करते, मग दिसतं. तेल, मीठ अगदी थेंब थेंब, चिमूट चिमूट टाकलं तर कधी कधी आकडा हलतच नाही, एकदम टाकलं तर हलतो. म्हणून दोन-तीन ग्रॅमच्या वस्तूंवर भरवसा ठेवू नका. सेल उतरायला लागले की आकडे भरकटतात. गरम भांडं त्यावर ठेवू नये. आणि एक बटण असं आहे की चुकून दाबलं तर ग्रॅमचे औंस होतात. एकदा घाईत मला शेंगदाण्यांचा आकडा १.४ दिसला, मी आणखी घालत बसले. ते औंस होते, म्हणजे आधीच ४० ग्रॅम झाले होते. सोबतचं माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, तेही मुंगीएवढ्या अक्षरात. आत्यांसारख्या माणसाने हे कसं वापरायचं याचा विचार बनवणाऱ्याने करायला हवा होता.

आता जिथे काट्याचा उपयोग झाला नाही ते सांगते. संध्याकाळी साडेसहाला घरी आल्यावर पर्सही खाली न ठेवता मी ओट्यापाशी उभी राहून फरसाणाचा डबा उघडायचे. एक दिवस खाण्याआधी तीन मुठी वाटीत काढून मोजल्या. ९६ ग्रॅम. बघितलं, आणि तरीही सगळं खाल्लं. आकडा कळल्याने हात थांबत नाही. थांबला तो भूक आधी भागवल्यावर. आता साडेपाचला ऑफिसातच तीस ग्रॅम फुटाणे आणि बिनसाखरेचा चहा घेते. दहापैकी सात दिवस जमतं.

ऑक्टोबरमध्ये वजन ७६.१ वर येऊन थांबलं. एक रविवार, दोन रविवार, तीन रविवार. सगळं मोजत होते, रोज सकाळी प्रीतिसंगमावर चाळीस मिनिटं चालत होते, आणि काटा तिथेच. चार दिवस किचनचा आणि स्वतःचं वजन करायचा, असे दोन्ही काटे कपाटात टाकले आणि कुणाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी सुचलं ते असं: दिवसभरात जे तोंडात टाकते पण ताटात घेत नाही, ते सगळं एका वाटीत साठवायचं. चव बघायची आमटी, मुलाच्या ताटातला उरलेला भात, डब्याच्या तळाची पोळी, ‘एवढ्याशासाठी कशाला ठेवायचं’ म्हणून संपवलेली भाजी. रात्री मोजलं तर २१० ग्रॅम. ते माझं चौथं जेवण होतं. कुठल्याच वहीत त्याची नोंद नव्हती. आता मुलाला आधी कमी वाढते. लागलं तर तो मागून घेतो.

नोव्हेंबरच्या शेवटी कोल्हापूरला लग्न होतं. तीन दिवसांत १.७ किलो वाढलं. पूर्वी इथेच मी सगळं सोडून दिलं असतं. या वेळी डॉक्टरीणबाईंचं वाक्य लक्षात होतं, की तीन दिवसांत एवढी चरबी चढतच नाही, ते खारट-तिखटाबरोबर धरलेलं पाणी असतं. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. घरी आल्यावर नेहमीचं जेवण सुरू केलं, सहा दिवसांत त्यातलं बहुतेक उतरलं. याच कारणाने पहिल्या आठवड्यात जे दीड किलो झटकन गेलं होतं त्याचाही फार आनंद मानायचा नसतो.

आज तेरा आठवडे झाले. वजन ७३.६, कंबर ९३, तीन महिन्यांची साखर ५.८. अजून पुष्कळ जायचंय, पण जिना चढून कॅश काउंटरला पोचल्यावर आता लगेच बोलता येतं.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा त्या बंद पडण्याचा आणि औंसाच्या बटणाचा. ज्यांनी पूर्वी उपाशी राहून स्वतःचे हाल केलेत, किंवा प्रत्येक घासाला आकडा दिसायला लागून ज्यांची झोप उडते, त्यांनी हा घेऊ नये. माझे मधले काही दिवस तसे गेले, म्हणून सांगते. स्वयंपाक करणाऱ्या बाईने जरूर घ्यावा, आणि पहिल्यांदा तेल मोजावं.

गेल्या गुरुवारी पहाटे फिरून आले तर स्वयंपाकघरात दिवा होता. आत्या ओट्यापाशी. गुडघे दुखतात म्हणून त्यांनाही डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय, हे त्यांनी मला आदल्या आठवड्यात पहिल्यांदा सांगितलं होतं. काट्यावर तेलाची बाटली ठेवलेली, चष्मा कपाळावर, आणि एक बोट बटणावर.

“शून्य झालं का बघ गं,” म्हणाल्या. “मला दिसंना झालंय.”