सॅन स्टॉर्म की डीसी अवंती?

दोन्ही भारतीय स्पोर्ट्स कार, दोन्ही टू-सीटर, दोन्ही मोजक्याच बनल्या आणि दोन्हींत इंजिन रेनॉचं. साम्य इथंच संपतं.

१९९० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या स्टॉर्मला १,१४९ सीसीचं, सुमारे ६० बीएचपीचं इंजिन, फायबरची बॉडी आणि उघडणारं छत. वेगाच्या बाबतीत आजची साधी हॅचबॅकही तिला सहज मागं टाकेल. पण हलकी, आटोपशीर. सोलापूरच्या नवी पेठेतल्या गर्दीतूनही निघेल. छत उघडायची हौस मात्र थंडीतल्या सकाळीच भागवायची. मे महिन्यात ४० च्या पुढच्या उन्हात सोलापुरात छत उघडून कोण फिरणार, सांगा!

अवंती २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दिसली, तेव्हा लोक तिच्याभोवतीच घोळका करून होते. दोन लिटरचं टर्बो इंजिन पाठीमागं, सीटच्या लगेच मागं. ताकद सुमारे २५० बीएचपी. पुणे हायवेला मजा येईल. गावात मात्र मागचं धड दिसत नाही, आणि सात रस्त्याच्या चौकात रिक्षावाले तुमच्यासाठी थांबत नसतात.

खरा प्रश्न पार्टचा. स्टॉर्मचं फायबर तडकलं तर चांगला कारागीर सांधून, घासून, रंगवून देतो. अवंतीची हेडलाइट किंवा काच गेली तर? बसा शोधत.

घ्यायचीच तर मी स्टॉर्म घेईन. फक्त आरसी आधी बघा. पंधरा वर्षं उलटल्यावरचं फेरनोंदणीचं काम राहिलं असेल तर आरटीओचे हेलपाटे तुमच्याच नशिबी.