आठ महिने ऑटोगायरो उडवल्यावर: तो पडतो कशाने?

दिवाळीनंतर आणलेला रिमोटवरचा ऑटोगायरो, म्हणजे डोक्यावर मोकळा फिरणारा पंखा असलेलं छोटं उडतं यंत्र, मी मागच्या आठवड्यात पुसून माळ्यावर ठेवला. पाऊस लागला आहे. नागपूरच्या उमरेड रस्त्याला पाचगावच्या पुढे ज्या पडीक वावरात आम्ही तो उडवतो, तिथे आता पाय घोट्यापर्यंत रुततो. आठ महिन्यांची वही समोर आहे. १४२ उड्डाणं झाली आणि त्यांत ११ वेळा तो पडला. प्रत्येक वेळी का पडला हे त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. हे मशीन कसं आहे हे सांगायचं तर त्या ११ नोंदींवरूनच सांगावं लागेल.

मी हिंगणा एमआयडीसीत मेन्टेनन्सला आहे. साधी मॉडेल विमानं नऊ वर्षं उडवली. खऱ्या ऑटोगायरोत बसायची इच्छा जुनी आहे. बसण्याआधी तो पडतो कशाने हे स्वतःच्या हातांनी समजून घ्यावं, म्हणून हे किट घेतलं. फोमचा सांगाडा, कार्बनची नळी, मागून ढकलणारी ब्रशलेस मोटर, वर तीन पात्यांचा एक मीटर व्यासाचा फिरता पंखा म्हणजे रोटर, आणि बॅटरीसकट वजन १,१०० ग्रॅम. किंमत १८,५०० रुपये. सोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हा कधीच स्टॉल होत नाही (म्हणजे वेग कमी झाला म्हणून उचल तुटून पडत नाही), त्यामुळे नवशिक्यासाठी सर्वांत सुरक्षित. या एका वाक्यावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. त्याचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे, आणि म्हणूनच दुसरा भाग माणसाला फसवतो.

वावराचे मालक काका पहिल्या दिवशी बांधावर उभे होते. रोटर हाताने फिरवून पाहत म्हणाले, "भाऊ, हा वरचा पंखा तं मोटरीले जोडलाच नाही. मंग फिरून राह्यला कसा?" प्रश्न अगदी मुळाचा होता. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन रोटर फिरवतं आणि रोटर हवा खाली ढकलतो. ऑटोगायरोत मागचा प्रोपेलर फक्त पुढे ढकलतो. रोटर थोडा मागे कललेला असतो, हवा खालून वर त्याच्यातून जाते आणि त्या हवेवर तो आपोआप फिरत राहतो. माधवीलतेचं तीन पंखांचं फळ झाडावरून गरगरत खाली येतं, तसंच हे. म्हणून इंजिन बंद पडलं तरी रोटर फिरतच राहतो. मी मुद्दाम तीसेक वेळा हवेत मोटर बंद केली आहे. तो तिरका, बराच उभा उतरतो, पण शांतपणे उतरतो. या बाबतीत मशीनला पूर्ण गुण.

पण रोटर फिरतो तो खालून वर येणाऱ्या हवेवर, आणि यंत्राचं वजन त्याच्यावर टांगलेलं असतं म्हणून. ते वजन उचललं गेलं की रोटरची ताकद गेली. ११ पैकी बहुतेक नोंदी फिरून इथेच येतात.

ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांना स्टॉलचीच भीती होती. स्पेनचे हुआन दे ला सिएर्वा यांचं तीन इंजिनांचं विमान १९१९ साली स्टॉल होऊन पडलं. वेग गेला तरी पडणार नाही असं काहीतरी हवं, या ध्यासातून त्यांनी फिरती पाती घेतली. सुरुवातीची यंत्रं जमिनीवरच एका कुशीवर उलटायची. पुढे जाणाऱ्या पात्याला वारा जास्त लागतो, मागे जाणाऱ्याला कमी, त्यामुळे एका बाजूला उचल जास्त होते. त्यांनी पात्यांना बिजागरी दिली, म्हणजे पुढे जाणारं पातं वर उचललं जाऊन जास्तीची उचल सोडून देतं. जानेवारी १९२३ मध्ये त्यांचं सी.४ उडालं आणि १९२८ मध्ये त्यांच्याच ऑटोगायरोने इंग्लिश खाडी ओलांडली. ते स्वतः गेले ते डिसेंबर १९३६ मध्ये, क्रॉयडनला धुक्यात, एका प्रवासी विमानाच्या अपघातात. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसून होतो.

माझ्या पहिल्या पाच पडण्यांमागे ती कुशीवर उलटण्याचीच गोष्ट होती. नोव्हेंबरची सकाळ, वारा जवळपास नाही, मी थ्रॉटल दिला, गायरो धावला आणि उडण्याआधीच डावीकडे लोळला. आमचा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे मागे जाणारं पातं डाव्या बाजूला. रोटर पुरेसा फिरत नसताना यंत्राचा वेग वाढवला तर त्या पात्याला वारा मिळत नाही, ते स्टॉल होतं आणि तीच बाजू खाली बसते. यंत्र स्टॉल होत नाही म्हणणाऱ्या कागदात हे पातं कुठेच नव्हतं. खऱ्या यंत्रात याच चुकीने पाती वरखाली आपटू लागतात आणि शेपटीला किंवा प्रोपेलरला धडकतात. म्हणून आजच्या दोन आसनी गायरोत इंजिनाने आधी रोटर मिनिटाला साधारण २०० फेऱ्यांपर्यंत आणतात, मग धाव सुरू करतात, आणि हवेत जाईस्तोवर तो ३५० च्या आसपास पोचतो. या क्रमात घाई चालत नाही. आमच्याकडे इंजिनाची जोडणी नाही. मी गायरो वाऱ्याकडे तोंड करून धरतो, रोटर मागे झुकवून हाताने फिरवतो आणि पात्यांचा फरफर आवाज एकसारखी घरघर होईपर्यंत थांबतो. कान तयार व्हायला महिना गेला. त्यानंतर या कारणाने एकदाही पडला नाही.

आता सहावी नोंद, १४ जानेवारी. ही मी सावकाश सांगणार आहे.

संक्रांतीची सुटी, भाचा सोबत. तो खरं विमान चालवायला शिकतो आहे, हात अतिशय सफाईचे. रिमोट त्याच्याकडे दिला. चाळीसेक फुटांवर गायरो छान चालला होता. वाऱ्याची झुळूक आली, नाक वर गेलं. विमानात वेग तुटू नये म्हणून जे शिकवतात तेच त्याच्या बोटांनी केलं, स्टिक पुढे ढकलली. नाक खाली आलं आणि येतच राहिलं. गायरो हवेतच पुढच्या पुढे कोलांटला, पाती मागच्या प्रोपेलरवर आदळली आणि तुकडे खाली आले. सगळं मिळून दीड-दोन सेकंद.

"मामा, मी तर बरोबरच केलं होतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. मी त्याला म्हटलं, "बेटा, विमानासाठी बरोबरच केलंस." खरं सांगायचं तर तेव्हा मलाही पूर्ण कळलं नव्हतं. आठवड्याने वारा नसताना माझ्याच हातून तेच झालं. तेव्हा मी उडवणं थांबवलं आणि मोजायला बसलो.

दुरुस्त केलेला सांगाडा दोन वेगवेगळ्या बिंदूंपासून टांगला आणि प्रत्येक वेळी ओळंबा सोडून रेघ मारली. दोन रेघा जिथे छेदल्या तो गुरुत्वमध्य. खऱ्या गायरोचीही अशीच टांगून तपासणी करतात. प्रोपेलर ढकलतो ती रेषा या बिंदूच्या ४ सेंटिमीटर वरून जात होती. ऐकायला थोडं वाटतं. पण आमचा रोटर एक मीटरचा आणि खऱ्या दोन आसनीचा साडेआठ मीटरच्या आसपास. त्या मापात हे अंतर फूटभराच्या वर जातं. ब्रिटनमध्ये ग्लासगो विद्यापीठात यावर संशोधन झालं. त्यानंतर तिथल्या नियमांत ही रेषा गुरुत्वमध्याच्या वर-खाली दोन इंचांच्या आत असावी अशी अट आली.

जोर वरून लागला की प्रोपेलर सतत नाक खाली दाबत असतो. सरळ उडताना ते कळत नाही, कारण रोटरची उचल गुरुत्वमध्याच्या थोडी पुढून लागून नाक वर धरते. दोन्ही एकमेकांना तोलून असतात. स्टिक पुढे ढकलली, किंवा वरून झुळुकीचा फटका बसला, की क्षणभर रोटरवरचं वजन जातं. म्हणजे नाक वर धरणारा हात सुटला, आणि नाक खाली दाबणारा प्रोपेलर मात्र पूर्ण जोरात चालूच आहे. त्यात वजन नसलेला रोटर मंदावतो, त्यामुळे स्टिक मागे ओढूनही काही हाती लागत नाही. तरंगल्यासारखं, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटणं ही गायरोतली सर्वांत धोक्याची खूण आहे.

त्याच्या आधीची पायरीही वहीत आहे. नाक वर गेलं म्हणून स्टिक पुढे, मग खाली गेलं म्हणून मागे, हाताला अर्धा क्षण उशीर, आणि प्रत्येक हिंदोळा आधीच्यापेक्षा मोठा. अशा वेळी उपाय एकच, थ्रॉटल कमी करायचा आणि स्टिक जागेवर धरायची, पाठलाग करायचा नाही. यंत्र चांगलं असेल तर ते आपोआप शांत होतं. आमचं होत नव्हतं, कारण त्याला आडवी शेपटीच नव्हती, फक्त उभं सुकाणू होतं.

सिएर्वांच्या ऑटोगायरोंना विमानासारखी पुढे मोटर आणि मागे भली मोठी शेपटी होती. १९५० च्या दशकात अमेरिकेत इगोर बेन्सन यांनी घरी बांधता येईल असा, मागे इंजिन असलेला उघडा गायरो आणला आणि तो खूप पसरला. पुढे लोकांनी त्यावर गिअर असलेली जास्त ताकदीची इंजिनं आणि मोठे प्रोपेलर चढवले. मोठा प्रोपेलर खालच्या नळीला लागू नये म्हणून इंजिन वर सरकवलं, आणि जोराची रेषाही वर गेली. आडवी शेपटी मात्र अनेकांनी लावली नाही. हवेत कोलांटून माणसं गेली, आणि कितीतरी वर्षं दोष वैमानिकाच्या हातालाच दिला गेला. मला याचा फार राग येतो. हाताची चूक असतेच, पण तेवढ्या चुकीने जीव जावा असं यंत्र बांधणं ही आधीची चूक आहे.

मी मोटर अडीच सेंटिमीटर खाली आणली, बॅटरी वरच्या कप्प्यात नेली आणि डेप्रॉनच्या (पातळ फोमच्या) पत्र्याची आडवी शेपटी प्रोपेलरच्या वाऱ्यात बसवली. नवीन मोजमापात अंतर एक सेंटिमीटरच्या आत आलं. फेब्रुवारीपासून तो वेगळाच प्राणी झाला. झुळूक येते, नाक वर जातं, मी काही करत नाही, ते परत येतं. त्यानंतर हवेत कोलांटला नाही. भाच्याने पुन्हा रिमोट घेतला तेव्हा अंगठा पुढे न्यायची सवय मोडायला त्याला तीन रविवार लागले.

उरलेल्या चार नोंदी लवकर आटोपतो. एकदा सर्वोची, म्हणजे रिमोटच्या हुकमाने भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरची, कडी निसटली, तपासणीत माझा हलगर्जीपणा. एकदा चाकं आडवी टेकून उलटला. एकदा उतरल्यावर रोटर फिरता ठेवून मी पाठ फिरवली आणि वाऱ्याने तो पालथा केला. रोटर थांबेपर्यंत उड्डाण संपलं नाही, हे तेव्हापासून पाळतो.

या चारांतली शेवटची नोंद मे महिन्यातली, आणि ती नागपूरकरांनी नीट वाचावी. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि वावर तापायला लागलं होतं. ४४ अंशांत इथली हवा इतकी विरळ होते की ३१० मीटरवरचं नागपूर विमानाच्या हिशेबाने १,४०० मीटरच्या आसपास जाऊन बसतं. गंमत म्हणजे रोटर जास्त जोराने फिरतो, त्यामुळे आवाज ऐकून सगळं ठीक वाटतं, पण प्रोपेलरचा जोर कमी झालेला असतो. मी जमिनीलगत हळू जात होतो. गायरो फार हळू उडू शकतो, मात्र जितका हळू तितकी जास्त ताकद लागते. तो बसायला लागला, मी नाक वर केलं, तो आणखी बसला. थ्रॉटल आधीच पूर्ण होता. नाक खाली करून वेग घ्यायला उंची उरली नव्हती. त्याच सकाळी अर्ध्या तासाने बाजूच्या वावरातून फुफाटा घेऊन वावटळ उठली. हवेत असतो तर काय झालं असतं ते सांगायला नको. तेव्हापासून एप्रिल-मे मध्ये आठच्या आत सामान गाडीत.

जागेबद्दल एक. सोनेगाव विमानतळाच्या जवळ हे उडवू नका. हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच नाही, ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंतच, आणि शहरात वायुसेनेचाही परिसर आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहा. आम्ही इतक्या लांब जातो ते म्हणूनच.

किट घ्यावं का? रोटरहेड (रोटर बसतो तो सांधा), पाती आणि सर्वो उत्तम आहेत, आठ महिन्यांत रोटरहेडच्या बेअरिंगला खेळ आला नाही. पण आडवी शेपटी न लावता, ओळंबा सोडून मोजल्याशिवाय पहिलं उड्डाण करू नका. विकणाऱ्याला मी मोजमापाचे फोटो आणि दोन पानी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. कागदावरचं ते वाक्य अजून तसंच आहे.

दसऱ्यानंतर वावर वाळेल. तोवर मोटर आणखी एक सेंटिमीटर खाली घ्यायची आहे, त्यासाठी मागची चाकं उंच करावी लागतील, प्रोपेलर जमिनीला लागतो. नळी कापून ठेवली आहे.