‘साहेबांशी बोलणं झालंय’ : अटकेनंतर घरच्यांकडून पैसे कसे उकळले जातात

अटक झाल्यावर घरच्यांकडे पहिला माणूस वकील येत नाही, मध्यस्थ येतो. पोलीस ठाण्याबाहेरच्या टपरीवर नाहीतर कोर्टाच्या आवारात तो घुटमळतच असतो. त्याची बोली ठरलेली: "साहेबांशी बोलणं झालंय. आज दिलेत तर आज सुटेल." धंदा सगळा एका गोष्टीवर चालतो. जे कायद्याने आपोआप होणार आहे, तेच तो विकतो.

म्हणून आधी एफआयआरमधली कलमं बघा. गुन्हा जामीनपात्र असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४७८ नुसार जामीन हा हक्क आहे आणि तो पोलीस ठाण्यातच मिळतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत पोलिस आधी कलम ३५(३) ची, म्हणजे हजर राहण्याची, नोटीस देतात, लगेच अटक करत नाहीत. मध्यस्थ हीच नोटीस हातात ठेवून "अटक टाळली" म्हणून पैसे घेतो. गुन्हा अजामीनपात्र असेल, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर न्यावंच लागतं. त्यासाठी कोणाला ‘सेट’ करावं लागत नाही.

पुढचा सौदा कोठडीचा. "पीसीआर (पोलीस कोठडी) मागणार नाहीत, थेट एमसीआर (न्यायालयीन कोठडी) करून देतो." यात पैसे गेलेच समजा, कारण पोलीस कोठडी द्यायची की नाही हे न्यायालय ठरवतं. शिवाय नव्या संहितेत ही १५ दिवसांची पोलीस कोठडी गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. आज एमसीआर झाली म्हणून पीसीआर कायमची टळली असं नसतं.

सर्वांत मोठी लूट मात्र जामीन मंजूर झाल्यानंतर होते. आदेशात लिहिलेलं असतं: ‘२५,००० रुपयांचे वैयक्तिक बंधपत्र व तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार’. घरच्यांना वाटतं, २५,००० भरायचे आहेत. मध्यस्थ ते रोख घेतो. प्रत्यक्षात ही रक्कम कोणी भरायचीच नसते. आरोपी तारखेला हजर राहिला नाही, तर वसूल होणारी ती हमी आहे. जामीनदाराने आधार, रेशन कार्ड, पगारपत्रक किंवा सातबारा असे कागद घेऊन न्यायालयात उभं राहायचं, एवढंच. पैसे खरोखर भरायचे असतात ते कॅश बेलमध्ये, म्हणजे जामीनदाराऐवजी न्यायालयात रोख रक्कम भरून मिळणाऱ्या जामिनात, आणि त्याची न्यायालयाची पावती मिळते. पावतीवर भरणाऱ्याचं नाव नीट वाचा. मध्यस्थाने स्वतःच्या नावाने भरले असतील, तर खटला संपल्यावर परताव्यावर दावाही तोच सांगणार.

जामीनदार मिळत नसेल, तर मध्यस्थ ‘तयार जामीनदार’ देतो: भाड्याचा माणूस, बनावट रेशन कार्ड, कुणाच्या तरी जमिनीचा उतारा. आपण आणखी किती जणांसाठी जामीन राहिलो आहोत, हे जामीनदाराला कलम ४८६ नुसार जाहीर करावं लागतं. पत्त्याची पडताळणी झाली आणि माणूस खोटा निघाला, तर आरोपीविरुद्ध पुन्हा वॉरंट निघू शकतं आणि बनावट कागद आणणाऱ्यांवर वेगळा गुन्हा दाखल होऊ शकतो. तोवर मध्यस्थाचा फोन बंद.

सरळ मार्ग आहेत. जामीनदार शोधायला वेळ हवा असेल, तर तोवर तात्पुरत्या कॅश बेलवर सोडावं, असा अर्ज वकिलामार्फत द्या. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर आरोपी गरीब आहे असं मानून त्याला वैयक्तिक बंधपत्रावर सोडायचं असतं. इतर गुन्ह्यांत जामीन मिळून महिना झाला तरी जामीनदार मिळाला नसेल, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तसं सांगितलं आहे. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा क्रमांक.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या ‘जामीन आदेशा’वर विसंबू नका. मध्यस्थाकडे १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला न्यायालय देतं तो ओळख क्रमांक) मागा आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स अॅपवर स्वतः टाकून बघा. क्रमांक द्यायला कां-कू करणाऱ्याकडे बहुधा अर्जच दाखल झालेला नसतो. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून व्हिडिओ कॉलवर कोणी बसवून ठेवलं, तर फोन ठेवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकाला कळवा; अशी अटक कायद्यात नाहीच.

कोणी अधिकाऱ्याच्या नावावर पैसे मागत असेल, तर पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा. सापळा लावायचा तर पैसे द्यायचे बाकी असावे लागतात, पैसे पोचल्यावर हातात फार काही उरत नाही. दबावाखाली दिलेच असतील, तर ७ दिवसांच्या आत तक्रार नोंदवा. ती मुदत गेली, की लाच देणारा म्हणून तुमच्यावरही कारवाई होऊ शकते.