पीएचपी ८.३, सात महिन्यांनंतर: भाषा सुधारली, नाव तेच राहिलं

पीएचपी ही वेबसाइटचा सर्व्हरवरचा भाग लिहायची भाषा. तिच्या ५.६ या आवृत्तीवरचा जुना कोडबेस (प्रकल्पाचा सगळा कोड) ८.३ वर आणून सात महिने झाले. पीएचपीला नावं ठेवणारे बहुतेक जण अजून ५.६ च्याच काळातलं बोलतात. मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारं ते जुनं एक्स्टेन्शन (भाषेला जोडायचा भाग) ७.० मध्येच, म्हणजे डिसेंबर २०१५ ला गेलं. शून्य आणि 'आंबा' ही स्ट्रिंग (मजकूर) == या सैल तुलनेने ताडली की 'सारखे' म्हणणारा प्रकार ८.० मध्ये बंद झाला.

सगळंच सुधारलंय असं मात्र नाही. '0e' ने सुरू होणारे, पुढे नुसते आकडे असलेले दोन वेगळे हॅश (पासवर्डसारख्या मजकुरापासून बनवलेल्या खुणा) == ला आजही सारखेच वाटतात, कारण दोन्हींचा आकडा शून्यच होतो. स्ट्रिक्ट टाइप्स (आकडा की मजकूर हा प्रकार काटेकोर जुळवणारी सेटिंग) लावूनही यात फरक पडत नाही. ते फंक्शनला काय पाठवलं, त्यातून काय परत आलं आणि टाइप दिलेल्या प्रॉपर्टीत काय ठेवलं हे बघतं, == कडे नाही, आणि तेही त्या-त्या फाइलपुरतं. हॅश ताडायला हॅश_इक्वल्स हे फंक्शन, बाकी सगळीकडे प्रकारही ताडणारं ===.

खरा त्रास भरतीत होतो. 'पीएचपी डेव्हलपर पाहिजे' अशी जाहिरात टाकली की वर्डप्रेस या तयार वेबसाइट-सॉफ्टवेअरची थीम बदलणाऱ्यांचे रेझ्युमे ढिगाने येतात. ज्यांना टाइप्स, टेस्ट, क्यू (मागे चालणाऱ्या कामांची रांग) नीट येतात ते रेझ्युमेवर पीएचपी खाली ढकलतात. भाषा 'सोपी' म्हणून पगार कमी, पगार कमी म्हणून कोड रिव्ह्यू (तपासणी) करणारं कोणी नाही, आणि मग कंट्रोलरमध्ये (येणारी विनंती हाताळणाऱ्या एका फाइलमध्ये) आठशे ओळी. वर पुन्हा दोष भाषेला!

जाहिरातीत 'बॅकएंड, पीएचपी ८.३, पीएचपीस्टॅन लेव्हल ६' (पीएचपीस्टॅन म्हणजे कोड न चालवता चुका शोधणारं साधन, लेव्हल म्हणजे त्याची कडकपणाची पायरी) असं लिहिल्यावर येणारे अर्ज कमी झाले, पण कामाचे. चाचणीला स्ट्रिंग जोडून क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) बनवणारी साठ ओळींची फाइल द्यावी आणि पीडीओवर (डेटाबेसशी बोलायच्या पीएचपीच्या नव्या पद्धतीवर) आणायला सांगावी. प्रिपेअर (क्वेरी आणि तिच्यातली मूल्यं वेगळी ठेवणं) सगळेच लिहितात. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये एम्युलेटेड प्रिपेअर (डेटाबेसऐवजी पीडीओनेच क्वेरीत मूल्यं भरणं) मुळातच चालू असतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी पुढे बोलावं.

जुन्या कोडवर पीएचपीस्टॅन थेट लेव्हल ६ ला चालवलं तर हजारो चुका येतात आणि टीम दुसऱ्या दिवशी ते बंद करते. आधी बेसलाइन फाइल (जुन्या चुकांची यादी) काढून जुन्या चुका बाजूला ठेवा, सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) फक्त नव्या अडवा. बेसलाइन वाढवणारा पुल रिक्वेस्ट (कोडबदलाचा प्रस्ताव) मात्र परत पाठवायचा. हा नियम सैल सोडला की दोन महिन्यांत बेसलाइनचं अडगळीचं कपाट होतं.

जाहिरातीत व्हर्जन लिहाच. ८.३ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२७ च्या डिसेंबरअखेरपर्यंत आहेत आणि चांगले उमेदवार मुलाखतीत पहिला प्रश्न हाच विचारतात.