दिव्यांग मुलांच्या पालकांसाठीचं लीडरशिप ट्रेनिंग, जाऊन आली त्याचा अनुभव

नागपुरात धंतोलीत सहा शनिवार चाललेलं हे ट्रेनिंग परवा संपलं. फी नाही, डबा घरून न्यायचा. माझा मुलगा सतरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे त्याला, आणि इतकी वर्षं थेरपी, शाळा, दवाखाना यातच गेली, त्यात लीडर बिडर मी कुठून होणार असं वाटून राहिलं होतं.

पहिल्याच दिवशी विचारलं, मूल १८ चं झालं की कायद्यानं त्याचे पालक कोण? आम्ही सगळ्यांनी हात वर केले, आम्हीच. तर नाही! १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली लोकल लेव्हल कमिटीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, कलेक्टर असतात त्या कमिटीवर. सतरा वर्षांत हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. दिव्यांगांसाठीचा निरामय आरोग्य विमा पण तिथंच कळला, एक लाखापर्यंतचा.

सगळ्यात भारी तिसरा शनिवार. ट्रेनर टेबलामागे साहेब होऊन बसले, आपण दोन मिनिटांत शाळेच्या रॅम्पचं मांडायचं. मी मुलाच्या जन्मापासून सुरू केलं आणि रडायलाच लागली. बाजूला एक दृष्टिहीन दादा होता, लॉ करतो, तो म्हणाला, "ताई, दया नका मागू, कलम सांगा." मग परत उभी राहिली. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, कलम १६, शाळेची इमारत आमच्या मुलांना वापरता आली पाहिजे, रॅम्प कधी होणार ते लिहून द्या, आणि या दुसऱ्या कॉपीवर पोच द्या. सव्वा मिनिटात झालं, हात थरथरत होते पण झालं. काटोलकडच्या एका काकांनी तर ग्रामपंचायतीच्या ५ टक्के दिव्यांग निधीचा हिशोब मागायचा अर्ज तिथंच लिहून काढला.

पालक आणि स्वतः दिव्यांग असलेली मोठी माणसं एकाच वर्गात बसवतात हे मला फार पटलं, अमेरिकेत मिनेसोटात १९८७ पासून असंच शिकवतात म्हणे. माझा मुलगा मोठा झाल्यावर कसा बोलेल हे त्या दादाकडे पाहून पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं.

खटकलं ते पण सांगते. पहिल्या दिवशी साइन लँग्वेजवाल्या मॅडम आल्याच नाहीत, एक मूकबधिर जोडपं दिवसभर नुसतं बसून राहिलं, हे अशा ट्रेनिंगमध्ये तरी व्हायला नको होतं. लिफ्ट पण इतकी लहान की मोठी व्हीलचेअर जात नाही. मुलांना सांभाळायची खोली मात्र छान, दोन ताया शेवटपर्यंत होत्या.

शेवटचं काम होतं आपल्या वस्तीतले पाच परिवार जमवायचे. मानेवाड्यात माझ्या घरी चार आले, दोघांचे पालकत्वाचे अर्ज त्याच दिवशी भरले. जाणार असाल तर यूडीआयडी कार्डच्या (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दोन झेरॉक्स घेऊन जा, तिथं जवळपास दुकान नाही.